‘डीएनए खराब’ असं तुमचा रिपोर्ट म्हणत नाही

वाचकाचं पत्र :

नमस्कार मॅडम,
माझं वय ३५, पत्नीचं ३१. दोन वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. दुसऱ्याला आता आठ महिने झाले. माझी साधी वीर्य तपासणी पूर्वीपासून नॉर्मल आहे (मिलीलिटरला ४.८ कोटी शुक्राणू, हालचाल ५२ टक्के, नॉर्मल आकाराचे ५ टक्के). या वेळी डॉक्टरांनी शुक्राणूंच्या क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि त्याला बांधणारी प्रथिनं यांच्या) तपासण्या करायला सांगितल्या. ॲनिलिन ब्लू ४१ टक्के, क्रोमोमायसिन ए-थ्री ४४ टक्के आणि ॲक्रिडिन ऑरेंजवर डीएफआय (डीएनएच्या तुटीचा निर्देशांक) ३३ टक्के असे आकडे आले. तिन्हींपुढे ‘अबनॉर्मल’ लिहिलं आहे. नमुना देण्याच्या पाचेक आठवडे आधी मला फ्लू होऊन चार-पाच दिवस १०३ पर्यंत ताप होता. शिवाय नमुना द्यायचं दोनदा पुढे ढकललं गेलं, त्यामुळे आधीच्या वीर्यस्खलनानंतर नऊ-दहा दिवसांची गॅप पडली. क्लिनिकने आता थेट वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी (एकेक शुक्राणू सुईने अंडपेशीत सोडणं) करू असं सुचवलं आहे. मी नेटवर वाचून चार प्रकारच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. रंग लावल्यावर चांगले-वाईट शुक्राणू वेगळे दिसतात, तर त्यातले चांगले निवडूनच का वापरत नाहीत? पत्नीला मी हे आकडे सांगितलेले नाहीत. दोन्ही वेळा तिने स्वतःला दोष दिला होता. आता कळतंय की कारण मी होतो. तिला कोणत्या तोंडाने सांगू?
– एक वाचक

उत्तर :

नमस्कार,

तुम्ही तापाचा उल्लेख जाता जाता केला आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं बोलते, कारण तुम्ही तो मनाला लावून घेतला आहे. दुसरा गर्भपात आठ महिन्यांपूर्वी झाला. हा नमुना त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, तेही आजारपणानंतर दिलेला आहे. त्यातले शुक्राणू गर्भधारणेच्या वेळी तयारसुद्धा झालेले नव्हते. आजच्या नमुन्यावरून तेव्हाचा निकाल लावता येत नाही. तुम्ही ‘कारण मी होतो’ असं लिहिलंत, पण हा रिपोर्ट तसं म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही.

मग तो काय सांगतो? त्यासाठी शुक्राणूच्या डोक्यात काय घडतं हे थोडं समजून घ्यावं लागेल. हे डोकं लांबीला चार-पाच मायक्रॉन असतं, आणि त्यात जवळजवळ मीटरभर लांबीचा डीएनए बसवायचा असतो. शरीरातल्या इतर पेशींमध्ये डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. शुक्राणूला एवढी जागा परवडत नाही. म्हणून वृषणात शुक्राणू घडण्याच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची छोटी प्रथिनं येतात. ती डीएनएला इतकं घट्ट आवळतात की केंद्रक जवळपास घन होऊन जातं. पुढे एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीतून, जाताना प्रोटामिनमधल्या गंधकाच्या जोड्या जुळतात आणि बांधणी पक्की होते. पुढच्या प्रवासात डीएनए सुरक्षित राहावा म्हणून ही सगळी तयारी असते. शुक्राणूकडे स्वतःचा डीएनए दुरुस्त करायची सोय उरलेली नसते, त्यामुळे ही बांधणी हाच त्याचा मुख्य बचाव आहे. माणसात काही हिस्टोन, साधारण ५ ते १५ टक्के, मागे राहतातच. तो दोष धरत नाहीत.

तुमच्या तीन तपासण्या याच बांधणीकडे तीन बाजूंनी पाहतात. तिन्ही आकडे वाईट आले म्हणजे तीन वेगवेगळे आजार आहेत असं समजू नका.

ॲनिलिन ब्लू हा आम्लधर्मी रंग आहे. हिस्टोनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि हा रंग त्याला चिकटतो. प्रोटामिनमध्ये भर असतो तो आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा. त्यामुळे ज्या शुक्राणूत जुने हिस्टोन गरजेपेक्षा जास्त राहिले, त्याचं डोकं निळं होतं. ज्याची अदलाबदल नीट झाली, ते फिकट राहतं. म्हणजे निळा शुक्राणू अपरिपक्व, त्याची बांधणी अर्धवट राहिलेली. डीएनए तुटला आहे की नाही, हे ॲनिलिन ब्लू सांगत नाही.

क्रोमोमायसिन ए-थ्री हे मुळात स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंपासून मिळालेलं प्रतिजैविक आहे. डीएनएमध्ये प्रोटामिन जिथे बसायला हवं, तीच जागा हेही शोधतं. प्रोटामिन आधीच बसलेलं असेल तर याला आत शिरायला वाव मिळत नाही आणि डोकं मंद दिसतं. प्रोटामिन कमी पडलं असेल तर हे आत शिरतं आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली डोकं पिवळसर हिरवं चमकतं. थोडक्यात, पहिला रंग उरलेले हिस्टोन दाखवतो आणि दुसरा न आलेलं प्रोटामिन. एकाच अदलाबदलीच्या या दोन बाजू आहेत. तुमचे ४१ आणि ४४ हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत याचं मला नवल वाटत नाही.

तिसरी तपासणी वेगळा प्रश्न विचारते. ॲक्रिडिन ऑरेंज अखंड, दुपदरी डीएनएला लागला की हिरवा दिसतो आणि एकपदरी डीएनएला लागला की लालसर. पण रंग लावण्याआधी नमुन्याला मुद्दाम आम्लाची झळ दिली जाते. फ्लो सायटोमीटरवरच्या (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावरच्या) पद्धतीत ही झळ १.२ पीएचची आणि ३० सेकंदांची असते. घट्ट बांधलेला, धड डीएनए ती सोसतो. जिथे आधीच तुटी आहेत किंवा बांधणी ढिली आहे, तिथे पदर सुटतात आणि लाल दिसतात. डीएफआय ३३ याचा अर्थ ‘३३ टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलेला’ असा थेट घेऊ नका. इतक्या शुक्राणूंचा डीएनए त्या परीक्षेत टिकला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. अमेरिकन संशोधक डोनाल्ड इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पाया १९८० साली घातला. साधारण ३० टक्क्यांच्या वर आकडा गेला की नैसर्गिक गर्भधारणेची आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) यशस्वी होण्याची शक्यता कमी होते, असं त्या पद्धतीत धरलं जातं. तुमचा आकडा या रेषेच्या किंचित वर आहे. शक्यता कमी होणं आणि संपणं यात फार फरक आहे.

काही वाचकांच्या रिपोर्टमध्ये टोल्युइडीन ब्लूही असतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. तो डीएनएच्या फॉस्फेटला चिकटतो. घट्ट केंद्रकात त्याला शिरकाव कमी, म्हणून रंग फिकट निळा दिसतो. सैल किंवा तुटलेल्या केंद्रकात तो गर्दी करतो आणि रंग गडद जांभळा होतो. साध्या मायक्रोस्कोपवर पाहता येतो, खर्चही फारसा नाही. म्हणूनच छोट्या लॅबमध्येही तो करतात.

आता हे आकडे येतात कसे तेही सांगते, कारण रिपोर्टवर छापलेला टक्का पाहिला की तो वजनकाट्यावर मोजून आल्यासारखा वाटतो. ॲनिलिन ब्लूची काचपट्टी हजार पट मोठी करून पाहताना समोर दोनच रंग दिसत नाहीत. काही डोकी गर्द निळी असतात, काही अगदी फिकट. काही मात्र अर्धी निळी, किंवा फक्त मागच्या भागात निळसर झाक असलेली. ती निळ्यात धरायची की फिकटात, हे लॅबने आधी ठरवून घ्यावं लागतं आणि मोजणाऱ्या प्रत्येकाने तसंच धरावं लागतं. बहुतेक ठिकाणी दोनशेच्या आसपास शुक्राणू मोजतात. अर्धनिळी डोकी एका टेक्निशियनने धरली आणि दुसऱ्याने सोडली, तर त्याच काचपट्टीचे दोन वेगळे आकडे येतात. स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा नमुन्याचा थर, जाड झाला तर रंग जास्त धरतो. रंगाचं द्रावण जुनं असेल, आम्लता थोडी इकडेतिकडे झाली असेल, तरी फरक पडतो. ॲक्रिडिन ऑरेंज काचपट्टीवर केला तर आणखी एक अडचण असते. चमक काही वेळात मंदावत जाते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा छटांमध्ये रेषा ओढणं डोळ्यांना अवघड जातं. फ्लो सायटोमीटर हजारो शुक्राणू यंत्राने मोजतो, म्हणून तो आकडा जास्त स्थिर असतो.

त्यामुळे लॅबला काही गोष्टी जरूर विचारा. डीएफआय काचपट्टीवर मोजला की फ्लो सायटोमीटरवर? किती शुक्राणू मोजले? ‘नॉर्मल’ची मर्यादा तुम्ही स्वतःच्या लॅबमध्ये, मूल झालेल्या पुरुषांचे नमुने तपासून ठरवली आहे की कुठल्या लेखातून घेतली आहे? ॲनिलिन ब्लू आणि क्रोमोमायसिनसाठी जगभर चालेल असा एकच आकडा नाही. फ्लो सायटोमीटरवर केलं असेल तर त्यातच ‘हाय डीएनए स्टेनेबिलिटी’ नावाचा आणखी एक आकडा निघतो. तो अपरिपक्व शुक्राणू दाखवतो. तो मागून घ्या आणि ॲनिलिन ब्लूशी त्याचा मेळ बसतो का ते डॉक्टरांना पाहू द्या. असे प्रश्न विचारले म्हणून चांगल्या लॅबला कधी राग येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या मार्गदर्शिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिने डीएनएच्या तुटीच्या तपासण्या साध्या तपासणीपासून वेगळ्या, विस्तारित गटात, आणि क्रोमॅटिनच्या तपासण्या त्याहून पुढच्या, प्रगत गटात ठेवल्या आहेत. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनाही सांगतात की डीएनए तुटीची तपासणी सुरुवातीलाच सरसकट करू नये, पण वारंवार गर्भपात होत असतील तर करावी. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली ती योग्यच. माझी हरकत आहे ती या एका रिपोर्टवर पुढची सगळी इमारत उभी करण्याला.

आणि इथे ताप येतो. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार व्हायला वृषणात सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर एपिडिडिमिसमधला प्रवास काही दिवसांचा ते दोनेक आठवड्यांचा असतो. आज बाहेर पडणारा शुक्राणू पाच आठवड्यांपूर्वी कुठे होता? वृषणातच होता, आणि त्याचं गोल रूप लांबट होऊन हिस्टोन जाऊन प्रोटामिन येण्याचं काम त्याच सुमारास सुरू व्हायचं होतं. वृषणं शरीराबाहेर असतात ती याचसाठी, की शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. अशा वेळी चार-पाच दिवस १०३ ताप राहिला तर बांधणीत कसर राहणं अगदी अपेक्षित आहे. इव्हन्सन यांच्याच गटाने २००० साली फ्लू आणि जोराचा ताप येऊन गेलेल्या एका पुरुषाच्या नमुन्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला होता. तापानंतरच्या आठवड्यांत त्याच्या शुक्राणूंच्या क्रोमॅटिनमध्ये बिघाड दिसला आणि पुढे तो ओसरला. तुमच्या बाबतीतही असंच झालं आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ताप येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले असताना दिलेल्या नमुन्यावर कायमचं निदान करणं मला मान्य नाही.

त्यात नऊ-दहा दिवसांची गॅप. मार्गदर्शिका २ ते ७ दिवस म्हणते. शुक्राणू एपिडिडिमिसमध्ये जितके जास्त दिवस पडून राहतात, तितका ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या घातक रूपांचा मारा) त्यांना सोसावा लागतो आणि डीएफआय चढतो. म्हणजे ताप आणि लांबलेली गॅप, आकडे वाढवणाऱ्या या दोन्ही गोष्टी एकाच नमुन्यात आल्या. तापाच्या दिवसापासून निदान तीन महिने जाऊ द्या, मग दोन-तीन दिवसांची गॅप ठेवून, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तिन्ही तपासण्या पुन्हा करा. लॅब बदललीत तर आकडा खरंच बदलला की मोजणारा बदलला, हे कळणार नाही.

मधल्या काळात युरोलॉजिस्टकडून, शक्यतो पुरुष वंध्यत्वाचं काम करणाऱ्याकडून, प्रत्यक्ष तपासून घ्या. तुमच्या पत्रात कुणी तपासल्याचा उल्लेख नाही आणि ते मला खटकलं. रंगांच्या तीन तपासण्या झाल्या, पण उभं राहून अंडकोष तपासले का? व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, साधारण १५ टक्के पुरुषांत असतं आणि वंध्यत्वासाठी आलेल्यांत त्याचं प्रमाण कितीतरी जास्त. हाताला लागणारं व्हेरिकोसील असेल तर ऑपरेशननंतर डीएफआय उतरलेला अनेक अभ्यासांत दिसला आहे. जंतुसंसर्ग किंवा वीर्यात पांढऱ्या पेशी जास्त असतील तर त्यावर उपचार आहेत. सिगारेट, तंबाखू, वाढलेलं वजन, भट्टीजवळचं किंवा सतत उष्णतेतलं काम, मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, काही औषधं, हे सगळं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली असतील तर ती तर मुळीच नकोत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की वृषणातलं शुक्राणू बनवण्याचं काम मंदावतं, कधी पूर्ण थांबतं.

आता वृषणातून शुक्राणू काढून इक्सी करण्याबद्दल. यामागे एक विचार आहे आणि तो चुकीचा नाही. डीएनएची बरीचशी मोडतोड वृषणातून बाहेर पडल्यावर, वाटेत होते. म्हणून वृषणातल्याच शुक्राणूंमध्ये तुटी कमी आढळतात. डीएफआय खूप जास्त असेल आणि साध्या इक्सीत वारंवार अपयश आलं असेल, तर हा पर्याय विचारात घेतला जातो. पण तुमचा रिपोर्ट नीट पाहा. ॲनिलिन ब्लू आणि क्रोमोमायसिन सांगत आहेत की बांधणीच कमी पडली आहे, आणि बांधणी होते वृषणात. जी उणीव तिथेच राहिली, ती तिथून शुक्राणू उचलल्याने भरून कशी निघेल? शिवाय तुमच्या वीर्यात शुक्राणू पुरेसे आहेत, दोनदा नैसर्गिकरीत्या दिवस राहिले आहेत आणि एकही आयव्हीएफ अजून झालेलं नाही. अशा जोडप्याने पहिलीच पायरी म्हणून वृषणात सुई घालायला मी ‘आता नको’ म्हणेन. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत थांबल्याने ३१ वर्षांच्या पत्नीच्या दृष्टीने काही हातचं जाणार नाही. तिचं वय ३९-४० असतं तर मी इतकं निवांतपणे थांबायला सांगितलं नसतं.

रंग लावून चांगले निवडण्याचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. अडचण अशी की रंग लावण्यासाठी शुक्राणू काचपट्टीवर वाळवून, रसायनात पक्के करावे लागतात, किंवा आम्लातून जावे लागतात. ज्याचा रंग आपण पाहतो तो शुक्राणू मेलेला असतो. ज्याने गर्भधारणा होईल त्याला आपण रंगवलेलं नसतं. ही तपासणी सगळ्या नमुन्याचा अंदाज देते, एकेका शुक्राणूची निवड करत नाही. जिवंत शुक्राणू निवडण्याच्या काही पद्धती आहेत. हायलुरोनिक आम्लाला चिकटणारे परिपक्व शुक्राणू उचलणं ही त्यातली एक. ब्रिटनमध्ये तिची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. बाळ घरी येण्याचं प्रमाण त्याने वाढलं नाही. गर्भपात मात्र त्या गटात कमी दिसले, म्हणून त्यावर विचार अजून चालू आहे. पुढे इक्सी करायची वेळ आलीच, तर तुमच्या भ्रूणतज्ज्ञांशी याबद्दल बोला.

अंडपेशीचाही यात मोठा वाटा आहे. शुक्राणू आत आल्यावर त्याच्या डीएनएमधल्या बऱ्याच तुटी ती दुरुस्त करते. तरुण स्त्रीची अंडपेशी हे काम जास्त चांगलं करते. भ्रूण चार ते आठ पेशींचा होईपर्यंत मुख्यतः आईकडून आलेल्या साठ्यावर चालतो. वडिलांकडून आलेली जनुकं त्यानंतर खऱ्या अर्थाने कामाला लागतात. म्हणून शुक्राणूच्या डीएनएचा दोष असला तर तो बऱ्याचदा तिसऱ्या दिवसानंतर, किंवा गर्भ रुजल्यावर दिसतो. गर्भपात आणि डीएफआय यांचा संबंध अभ्यासांत आढळतो तो यामुळे, आणि म्हणूनच तुमचा रिपोर्ट दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

पण सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांचं कारण गर्भातल्या गुणसूत्रांची संख्या चुकणं हे असतं. ती चूक बहुतेक वेळा अंडपेशी तयार होताना, निव्वळ योगायोगाने होते. ती कुणाच्या वागण्याने होत नाही आणि यातला कुठलाही रंग ती दाखवत नाही. निळं न होणाऱ्या, उत्तम बांधणीच्या शुक्राणूतही गुणसूत्र कमी-जास्त असू शकतं. दोन गर्भपातांनंतर दोघांची कॅरिओटाइप (गुणसूत्रांची) तपासणी, पत्नीच्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपाताशी संबंध असलेल्या), थायरॉइड, आणि गर्भाशयाच्या पोकळीत पडदा किंवा फायब्रॉइड आहे का याची सोनोग्राफी झालेली असायला हवी. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम निघाला तर त्यावर चांगले उपचार आहेत, आणि तो न पाहता तुमच्या शुक्राणूंच्या मागे लागलो तर तिसरी गर्भधारणाही धोक्यात घालू. यातलं काही पत्रात नाही. झालं नसेल तर वृषणातल्या सुईच्या कितीतरी आधी हे करा.

कॅप्सूलबद्दल स्पष्टच सांगते. चार प्रकारच्या एकदम नकोत. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि झिंक दिलं. २०२० मध्ये निकाल आला. बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट डीएनएच्या तुटीचा आकडा औषध घेणाऱ्यांत किंचित जास्तच निघाला, २७.२ च्या जागी २९.७ टक्के. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणानेही डीएनएची तूट कमी झाली नाही. प्रोटामिनमधल्या गंधकाच्या ज्या जोड्यांबद्दल मी वर लिहिलं, त्या जुळायला थोडं ऑक्सिडेशन लागतंच. सगळं ऑक्सिडेशन दाबून टाकायचा प्रयत्न केला तर ज्या बांधणीसाठी आपण गोळ्या घेतो तीच ढिली पडू शकते. चारही डब्या डॉक्टरांना दाखवा. एकच घटक दोन-तीन डब्यांत आहे का ते बघायला सांगा आणि ते सांगतील तेवढंच ठेवा. नव्याने काही सुरू करायचं किंवा बंद करायचं असेल तर दुसऱ्या नमुन्याच्या आदल्या आठवड्यात करू नका, नाहीतर त्या रिपोर्टचाही अर्थ लागणार नाही.

राहिलं पत्नीला सांगायचं. सांगा, आणि पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी सांगा. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या तोंडून, अनोळखी लोकांसमोर तिला हे पहिल्यांदा कळू नये. तुम्ही तिचं मन जपायला गप्प आहात हे मला समजतं. पण आज ती एकटीच ‘माझ्यात काय कमी आहे’ या विचारात आहे, आणि तुम्ही शेजारी बसून वेगळ्याच ओझ्याखाली आहात. रिपोर्ट तिच्या हातात द्या. हे आकडे तापानंतरचे आहेत, पुन्हा तपासायचे आहेत आणि आधीच्या गर्भपातांचं कारण यातून ठरत नाही, हे तिन्ही एकाच वेळी सांगा. ‘माझ्यामुळे झालं’ हे वाक्य मात्र बोलू नका. ते खरं आहे असं कुणी दाखवलेलं नाही, आणि ती लगेच तुमची समजूत काढायला लागेल, तिचं दुःख परत मागे पडेल. ती रडली तर रडू द्या. दोन गर्भ गेले आहेत आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. त्यावर दोघांनी अजून नीट बोललेलंच नाही असं मला वाटतं. गरज वाटली तर क्लिनिकच्या समुपदेशकाकडे दोघं मिळून जा.

दुसऱ्या नमुन्याच्या वेळी लॅबच्या फॉर्मवर तापाची तारीख, किती दिवस होता, शेवटचं वीर्यस्खलन कधी झालं आणि चालू असलेली सगळी औषधं स्वतःच्या हाताने लिहा. फॉर्मवर तापासाठी रकाना नसेल तर कोऱ्या जागेत लिहा. दोन्ही रिपोर्ट, युरोलॉजिस्टची चिठ्ठी आणि पत्नीच्या तपासण्या एकत्र झाल्या की मला जरूर पाठवा. दुसऱ्या वेळीही डीएफआय ३० च्या वर आणि ॲनिलिन ब्लू चाळिशीतच राहिलं, तर ताप आणि गॅप ही कारणं बाजूला होतील. मग व्हेरिकोसील आहे की नाही यावरून पुढचा मार्ग ठरवता येईल, आणि त्याबद्दल मी तेव्हा सविस्तर लिहीन.